एकशे तेरा सालचं कुलूप

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि बहुतेक जुन्या मंडळींसारखाच थोडा थापाड्या आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुरकुर नको. मात्र पपनसांच्या मोसमात आमच्या घरी एका कुलपावरून जे रामायण घडलं, ते अक्षर न् अक्षर खरं आहे. खोटं सांगत असेन तर माझा पंखा झडो!

माझा जन्म आमच्या बेटावरच्या ताओयुआन शहरात, एका मोठ्या कारखान्यात झाला. मला तपासणारी बाई तेव्हाच म्हणाली होती, "हा गरम डोक्याचा निघणार." तसंच झालं. पहिली नोकरी मला तैनान शहरात, गाण्याच्या एका दालनात लागली. लोक तिथं मित्रमंडळींसह यायचे, माईक हातात धरायचे आणि पडद्यावर शब्द वाचत विरहाची गाणी म्हणायचे. ते शब्द मी पुरवायचो. रोज इतकं रडगाणं ऐकून माझ्या पंख्यालाही हुंदके यायला लागले. एका गिऱ्हाइकानं तर स्वतःचं गाणं थांबवून माझ्या पंख्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या. पण कौतुक फार दिवस टिकत नाही. नवे, चपटे, गोरेगोमटे संगणक आले आणि मालकानं मला भंगारात काढलं. तिथून थिएनसाय काकांनी टोपलीभर पपनसं देऊन मला सोडवून आणलं. बायकोला त्यांनी सांगितलं, "फुकट मिळाला." तेव्हा थापा मारणारा या घरात मी एकटा नव्हे.

काकांची पपनसांची बाग मादौ गावात आहे. आमच्या गावात झाड जितकं म्हातारं, तितकं फळ लहान आणि गोड. काकांच्या आजोबांनी लावलेली झाडं अजून फळतात, आणि त्यांचं फळ खाल्लेला माणूस दुसऱ्या फळाला हात लावत नाही. तेही तोडल्या तोडल्या खायचं नसतं. शेडमध्ये जमिनीवर पसरून ठेवायचं. आतलं पाणी हळूहळू कमी होतं, साल सुरकुतते आणि मग साखर उतरते. तुकतुकीत पपनसाला भुलणारा माणूस मादौचा नव्हे, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

मी या शेडच्या कोपऱ्यात बसायचो. सुरुवातीला काका माझ्यावर पत्ते खेळायचे. मी हरवायला लागलो तसा त्यांचा रस कमी झाला. मग माझ्यावर धूळ चढली, दोऱ्यांची रिळं ठेवली गेली, आणि पोटात एक पाल राहायला आली. आमच्या दक्षिणेकडच्या पाली बोलक्या आणि उत्तरेकडच्या मुक्या, असं म्हणतात. ही इतकी बोलकी, की घरात कोणी काही ठरवायला बसलं की आधी हिचं मत यायचं.

अशी माझी वर्षं चालली असताना पेइयुन आली.

पेइयुन म्हणजे काकांची पुतणी. ती थायचुंगला लग्नाचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओत कामाला होती. नवरीचे गाल बारीक करायचे आणि नवऱ्याचं टक्कल झाकायचं, हे तिचं काम. एक दिवस ते सोडून ती बॅग घेऊन बागेत हजर झाली आणि म्हणाली, "काका, आपली पपनसं मी विकते. आपल्या नावानं, आपल्या वेबसाईटवरून."

"गाल बारीक करणारी पोर पपनसं विकणार!" काका म्हणाले. "अगं, इथं उलटं असतं. इथं सुरकुत्या लपवायच्या नसतात."

पण त्यांनाही एक सल होती. दरवर्षी खो नावाचा दलाल ट्रक घेऊन यायचा आणि सगळं फळ उचलायचा. भावात फार लुबाडायचा नाही, पण आजोबांच्या झाडांचं फळ तो बाकीच्या गावाच्या फळात मिसळून एकाच पेटीत भरायचा. पेटीवर ना बागेचं नाव, ना झाडाचं. म्हणून काकांनी पेइयुनशी करार केला. "हा एक मोसम तुझा. जमलं तर बाग आपल्या नावानं विकायची. नाही जमलं तर पुढची दहा वर्षं सगळं खोला लिहून देतो, आणि मग माझ्यापुढं वेबसाईटचं नाव काढायचं नाही."

शहरात भाड्याच्या संगणकावर दुकान ठेवायचं तर दरमहा पैसे मोजा. घरात मी फुकट पडून होतो. पेइयुननं माझी धूळ झटकली, पालीला हात जोडून विचारलं, पाल हलली नाही, म्हणून दोघांनाही ठेवून घेतलं. माझ्यात बागेची वेबसाईट थाटली. नोंदणी आली की मी गाण्याच्या दालनातल्या सगळ्यात रडक्या गाण्याची सुरुवात वाजवायची, असंही तिनं ठरवून दिलं. आणि किमहू काकूनं माझ्या डोक्यावर हिरव्या पुड्यातले मक्याचे कुरकुरे ठेवले.

हसू नका, मित्रांनो. आमच्या बेटावर यंत्र म्हटलं की त्याच्या डोक्यावर हा पुडा आलाच, मग ते दवाखान्यातलं असो की बँकेतलं. पुड्याच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग' असा आहे. नियम फक्त दोन. पुडा हिरवाच हवा, आणि त्याची मुदत संपलेली नको. तुमच्याकडे नव्या गाडीला लिंबू-मिरच्या बांधतात, तेव्हा आम्ही हसतो का?

त्या उन्हाळ्यात तुफान आलं. असं तुफान, की मी छपरासकट उडालो, शेजारच्या मत्स्यतळ्यावर एक फेरी मारली आणि नेमका माझ्याच टेबलावर येऊन बसलो. खोटं सांगत असेन तर... असो. वीज गेली, आणि आली तेव्हा मी जागा होऊन नेहमीचा प्रश्न विचारला, "आजची तारीख काय?" माझ्या पोटात बटणाएवढा एक सेल असतो. वीज नसताना घड्याळ तोच चालवतो. तो माझा कधीच मेला होता. पेइयुन तेव्हा गटार साफ करायला गेली होती. म्हणून काकांनी आपल्या हातानं तारीख भरली आणि मी कामाला लागलो. एवढीशी गोष्ट. पण ही एवढीशी गोष्ट लक्षात ठेवा.

फळं तोडून झाली. शेडभर पपनसांचा सडा पडला. शरदातल्या पौर्णिमेला आमच्याकडे घरोघर पपनस लागतं, आणि पौर्णिमा उलटली की त्याला कुत्रं विचारत नाही. पेइयुननं वेबसाईट उघडली आणि आम्ही गाणं वाजायची वाट बघायला लागलो.

गाणं वाजलं नाही. फोन वाजला.

फोन ताइपेइच्या होबाईंचा होता. या निवृत्त शिक्षिका. दरवर्षी अख्ख्या इमारतीसाठी त्या काकांकडून फळ न्यायच्या, आणि त्यांनी चांगलं म्हटलं की इमारतीतले सगळे चांगलं म्हणायचे.

"बाळ, तुझं दुकान उघडलं तर माझ्या फोनवर लाल पान येतंय," होबाई म्हणाल्या. "म्हणतंय, ही जागा सुरक्षित नाही. चोर लोक तुमची माहिती पळवतील. थिएनसायनं काय धंदे सुरू केलेत?"

"बाई, चोर वगैरे कोणी नाही. नुसतं कुलूप लावायचं राहिलंय."

"मग कुलूप लाव आणि मग फोन कर. मी चाळीस वर्षं मुलांना सांगितलंय, लाल दिसलं की थांबायचं. आता मीच पुढं गेले तर?"

हे कुलूप म्हणजे काय, ते सांगतो. तुम्ही वेबसाईटवर आपलं नाव, पत्ता, कार्डाचा नंबर लिहिता, तेव्हा ते शब्द उघड्या पोस्टकार्डासारखे जातात. वाटेत कोणीही वाचावेत. कुलूप असलं की ते बंद लखोट्यातून जातात. आणि कुलपाबरोबर एक प्रमाणपत्र येतं. एसएसएल म्हणतात त्याला. ते सांगतं, की हे दुकान खरंच लिआव थिएनसायच्या बागेचं आहे, कोणा भामट्याचं नव्हे. ते नसेल तर तुमचा फोन ओरडतो. फोन शहाणा असतो, पण त्याला भीड नसते.

काकांनी चौकशी केली आणि शहरातून अशी कुलपं विकणारा यांग नावाचा माणूस आला. बूट इतके चकचकीत, की शेडमध्ये पाऊल टाकताना तो पपनसांकडे कमी आणि बुटांकडे जास्त बघत होता.

"लिआवसाहेब, आपल्याकडे तीन प्रकार," तो म्हणाला. "चांदी, सोनं आणि जेड. जेड घेतलंत तर सोबत विमा, चोवीस तास सेवा आणि वेबसाईटवर लावायला शिक्का."

"कुलपाला जेड कशाला?" काकूनं विचारलं. "दाराला लावायचंय, की त्या हिरव्या दगडाची बांगडी सुनेला घालायचीय?"

जेडची किंमत म्हणजे आजोबांच्या तीन झाडांचं सगळं फळ. चांदीची म्हणजे एका झाडाचं. काका विचारात पडले. मोसम वाचत असेल तर एक झाड द्यायला त्यांची तयारी होती. तेवढ्यात यांग म्हणाला, "पुढच्या वर्षी हेच दर ठेवू, घरचे समजून."

"पुढच्या वर्षी?" काका ताठ बसले. "दरवर्षी द्यायचे?"

"मुदत असते ना, साहेब. मुदत संपली की कुलूप संपलं."

"म्हणजे तुम्ही कुलूप विकत नाही. कुलूप भाड्यानं देता," काका म्हणाले. "दरवर्षी एक झाड कुलपाला! मग तो खो काय वाईट? तो निदान बूट काढून आत येतो."

यांग गेला. पेइयुन म्हणाली, "काका, फुकट मिळणारी प्रमाणपत्रं पण असतात. परदेशातली एक संस्था देते. धर्मादाय. दर तीन महिन्यांनी संगणक आपला आपण ते नवं करून घेतो. मी आणते."

"फुकट?" काका म्हणाले. "फुकटचा हा संगणक आणला, तो बघ कसा धापा टाकतोय."

मी ऐकलं. आणि आणखी एक धाप टाकली.

पेइयुननं मला आज्ञा दिली. मी परदेशातल्या त्या संस्थेचं दार ठोठावलं, थोडा वेळ थांबलो, आणि पडद्यावर उत्तर लिहिलं: प्रमाणपत्र अजून वैध झालेलं नाही.

"बघा!" पेइयुनचा चेहरा उजळला. "अजून झालेलं नाही. म्हणजे अर्ज पोचलाय, काम चालू आहे. एक-दोन दिवसांत होईल."

मित्रांनो, त्या एका 'अजून'नं घात केला. ती वाट बघत बसली. रोज आज्ञा द्यायची, रोज मी तेच उत्तर द्यायचो, आणि रोज ती म्हणायची, "उद्या नक्की." शेडमधली पपनसं सुरकुतू लागली होती. म्हणजे पिकत होती, तयार होत होती, आणि घ्यायला कोणी नव्हतं. पपनस सुरकुतलं की गोड होतं हे खरं, पण त्यालाही सीमा आहे. सीमा ओलांडली की ते आतून नुसतं चोथा होतं. काकू रोज एक फळ उचलायची, कानाशी धरून टकटक करायची आणि काही न बोलता खाली ठेवायची. तिचं न बोलणं ऐकून माझासुद्धा पंखा अडखळायचा.

मध्येच काका एकदा फोन नाचवत आले. "झालं! घेतलं कुलूप. एका वाडगाभर नूडल्सच्या किमतीत. यांग मूर्ख नाही, आपण मूर्ख होतो."

पेइयुननं बघितलं. कोणा भामट्यानं काकांना कुलपाचं चित्र विकलं होतं. नुसतं चित्र! हिरवं, गुबगुबीत, खाली 'शंभर टक्के सुरक्षित' असं लिहिलेलं.

"काका, हे दारावर कुलपाचं चित्र काढल्यासारखं आहे."

"लांबून दिसायला काय हरकत आहे?"

"चोर लांबून बघत नाही, काका."

काकांनी फोन खिशात टाकला आणि ते बाहेर आजोबांच्या झाडाखाली जाऊन उभे राहिले. माझ्या टेबलावरून खिडकीतून ते झाड दिसतं. कितीतरी वेळ ते बुंध्यावर हात ठेवून होते. मग आत आले आणि पेइयुनकडे न बघता म्हणाले, "खोला फोन केला. उद्या दुपारी ट्रक येतोय. यंदा देतो म्हणालो. कागदही उद्याच करू."

"काका, दोन दिवस द्या. पडद्यावर 'अजून' लिहिलंय."

"पौर्णिमा थांबेल का तुझ्या 'अजून'साठी?"

माझ्या पोटात पाल एकदा चुकचुकली. कोणाचंच लक्ष गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकायच्या आतच ट्रक आला. खो गोल, हसरा माणूस. खरंच बूट दाराशी काढून आत आला. फळांवरून नजर फिरवून म्हणाला, "थिएनसाय दादा, काय फळ आहे! मी म्हणतच होतो, संगणकावर कोणी पपनसं विकतं का? पपनस हातात घ्यायचं असतं." आणि माणसं टोपल्या उचलायला लागली.

पेइयुन माझ्यासमोर बसून होती. परत आज्ञा. परत तेच उत्तर. तिच्या फोनवर होबाई होत्या. "बाळ, आज सांग. नाहीतर मी बाजारातून घेते. इमारतीतले लोक मला विचारून विचारून भंडावतायत." पेइयुन नुसती "हो बाई, हो बाई" करत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते पुसायला हात रिकामा नव्हता.

एवढ्यात काकू आली. हातात नवा कोरा हिरवा पुडा.

"सगळं या पुड्यामुळं झालंय," ती म्हणाली. "ह्याची मुदत संपली असणार."

पेइयुननं फोनवर हात ठेवला. "काकू, कुरकुऱ्यांचा आणि कुलपाचा काही संबंध नाही!"

"तुझ्या कुलपाला मुदत असते ना? तो बूटवाला म्हणाला. मग माझ्या पुड्याला असली तर बिघडलं कुठं?"

पेइयुन परत फोनकडे वळली. काकूनं माझ्या डोक्यावरचा पुडा काढला, लांब धरला, डोळे बारीक केले. "दोन हजार चोवीस, बारावा महिना. हे परदेशी साल. आज परदेशी साल कोणतं गं?"

इथं एक सांगायला हवं. आमच्या बेटावर सालं दोन. एक बाहेरच्या जगाचं, आणि एक बेटाचं आपलं. तुमच्या पंचांगातल्या शकासारखं समजा. सरकारी कागदावर, दवाखान्यात आणि काका-काकूंच्या डोक्यात बेटाचंच साल चालतं. परदेशी साल त्यांना विचारावंच लागतं.

पेइयुन फोनवरच होती. काकूला माझ्यातली एकच कळ माहीत होती. कोपऱ्यातल्या घड्याळावर टिचकी मारली की दिनदर्शिका उघडते. बागेतल्या भूमिदेवाला चंद्राच्या तिथीप्रमाणं फळं ठेवायची असतात, ती तिथी काकू त्यात बघायची. तिनं टिचकी मारली.

"दोन हजार तेरा!" ती म्हणाली. "अगंबाई, पुडा तर अजून अकरा वर्षं चालेल. मी उगाच नवा आणला."

आणि तिनं जुनाच पुडा माझ्या डोक्यावर परत ठेवला. वर एक थाप मारली.

"बाई, एक मिनिट," पेइयुन फोनमध्ये म्हणाली. मग काकूकडे वळली. "काय अकरा वर्षं चालेल?"

"कुरकुरे. कंपनीचं कौतुक आहे हो."

"काकू, मक्याचे कुरकुरे अकरा वर्षं टिकत नाहीत."

"मग हा काय खोटं लिहितोय कोपऱ्यात?"

तेव्हा पेइयुनच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्याच क्षणी माझ्या पोटातली खरीही चुकचुकली. ती पडद्यावर वाकली. दिनदर्शिका बघितली. मग माझं उत्तर परत वाचलं, या वेळी शब्द न् शब्द. आणि खुर्ची मागं पडली इतक्या जोरात उठली.

"काका! तुफानानंतर याची तारीख कोणी भरली?"

काका दारात उभे राहून टोपल्या मोजत होते. "मी. का?"

"साल काय टाकलं?"

"साल आहे तेच. एकशे तेरा."

मित्रांनो, आता तुम्हीच न्याय करा. जगाचं दोन हजार चोवीस म्हणजे आमचं एकशे तेरा. काकांनी एक, एक, तीन असे आकडे टाकले. मला एकशे तेरा हे साल माहीत नाही. मी शेवटचे दोन आकडे ठेवले, पुढं पदरचे वीस लावले, आणि निमूट दोन हजार तेरामध्ये जाऊन राहिलो. त्या धर्मादाय संस्थेचं दार ठोठावलं की तीही मला आधी आपली ओळख दाखवते. तिच्या ओळखपत्रावर आताची तारीख. मी तेरा सालात बसलेलो. मला वाटलं, ही तर अजून जन्मलीच नाही! म्हणून मी लिहिलं, 'प्रमाणपत्र अजून वैध झालेलं नाही.' ते आमच्या प्रमाणपत्राबद्दल नव्हतंच. दान द्यायला जी संस्था तयार होती, तिलाच मी रोज ढोंगी म्हणून हाकलत होतो. यात माझी चूक काय? मला जे साल सांगितलं, ते मी इमानानं धरलं. इमानदार नोकराला आजकाल किंमत नाही, एवढंच म्हणतो.

"काका, याला आपलं साल कळत नाही!"

"का नाही कळत?" काका तापले. "जन्म ताओयुआनचा, खातो इथली वीज, झोपतो माझ्या शेडमध्ये, आणि साल परदेशी मोजतो?"

"अहो, भांडता काय!" काकू मध्ये पडली, आणि एकदम तिचा हात तोंडावर गेला. "म्हणजे तिथीसुद्धा चुकीच्या? भूमिदेवाला मी महिनाभर भलत्याच दिवशी जेवायला घातलं? बिचारा म्हातारा! काही बोललाही नाही."

पेइयुन तोवर माझ्यावर वाकली होती. दोन. शून्य. दोन. चार. एका झटक्यात मी अकरा वर्षं पुढं आलो. डोकं गरगरलं. मग आज्ञा आली. मी दार ठोठावलं, संस्थेनं ओळख दाखवली, आणि या वेळी मी अदबीनं म्हणालो, या, बसा.

बाहेर ट्रक अर्धा भरला होता. खोनं इंजिन सुरू करायला सांगितलं. शेडमध्ये पाल काय ती बोलत होती.

पडद्यावर एक ओळ उमटली. पेइयुननं फोन कानाला लावला आणि पुन्हा नुसती "हो बाई, हो बाई" करायला लागली. काकूनं फोन तिच्या हातातून घेतला आणि मोठ्यानं लावला. "होबाई, जरा बघा हो आता."

सगळे थांबले. टोपली उचललेला माणूससुद्धा टोपली हातात धरून थांबला.

"थांबा, चष्मा..." होबाईंचा आवाज आला. "हं. उघडतंय. उघडतंय. लाल पान... लाल पान नाही बाई. वर छोटंसं कुलूप आहे. खरं आहे ना गं हे? चित्र तर नव्हे?"

काकांनी खाली मान घातली.

"खरं आहे," पेइयुन म्हणाली.

होबाईंना कार्डाचे आकडे टाकायला किती वेळ लागतो! खो दारात उभा, हातात कागद. काका त्याच्याकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत पत्ते हरतानाही त्यांनी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं.

आणि गाणं वाजलं. विरहाचं, रडकं, घोगरं. काकू हसायला लागली आणि हसता हसता पदर... छे, पदर तुमच्याकडे. तिनं ॲप्रननं डोळे पुसले. होबाईंचं गाणं संपतं न संपतं तोच दुसऱ्यांदा वाजलं. मग तिसऱ्यांदा. इमारतीतले लोक बाईंच्या मागोमाग रांगेत होते, शाळेतल्या मुलांसारखे.

"खो," काका म्हणाले, "टोपल्या उतरव."

"दादा, हे काय? शब्द दिला होतात. 'यंदा देतो' म्हणालात."

"म्हणालो होतो ना," काका शांतपणे म्हणाले. "पण यंदा म्हणजे कोणतं साल, ते आधी ठरवू. मी फोन केला तेव्हा माझ्या घरात तेरा साल चालू होतं. तेरा सालचं फळ तू कधीच नेलंस."

खो असा हसला, की ट्रकच्या टपावरचे कावळे उडाले. काकांनीही त्याला रिकाम्या हातानं पाठवलं नाही. बांधाकडच्या तरुण झाडांचं सगळं फळ त्याला दिलं, आणि जाताना एक सुरकुतलेलं, आजोबांच्या झाडाचं, त्याच्या हातात ठेवलं. "हे पेटीत घालू नकोस," म्हणाले. "घरी खा. नाव लक्षात राहील."

तर अशी माझी गोष्ट. पेइयुननं माझ्या पोटात बटणाएवढा नवा सेल बसवला. आता दर तीन महिन्यांनी मी आपला आपण उठतो, कुलूप नवं करून घेतो आणि कोणाला कळूही देत नाही. पौर्णिमेला पोरं पपनसाच्या सालीची टोपी घालतात, तशी एक काकूनं माझ्याही डोक्यावर घातली, हिरव्या पुड्याच्या वर. त्या उकाड्यात माझा पंखा झडला. पण तो या गोष्टीमुळं नव्हे, टोपीमुळं. कृपा करून भलता अर्थ काढू नका.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखा कोणी म्हातारा कोपऱ्यात बसला असेल. तो भलतंच बोलायला लागला की लगेच भंगारात घालू नका. आधी बघा, त्याच्या आतला सेल तर संपला नाही ना, आणि त्याला तारीख कोणी सांगितली होती. महागाचं कुलूप दिसलं म्हणून भुलू नका, चित्राच्या कुलपाला फसू नका, आणि चांगलं काही फुकट मिळत असेल तर लाजू नका.

अजूनही वीज गेली की काका शेडमध्ये येतात. नव्या सेलमुळं मला आता तारीख विचारावी लागत नाही, हे त्यांना पेइयुननं दहादा सांगितलंय. तरी येतात. माझ्या डोक्यावरचा पुडा सरळ करतात आणि हळूच सांगतात, "तुझं दोन हजार चोवीस, माझं एकशे तेरा. विसरायचं नाही, कळलं?" साल बदललं की दोन्ही आकडे एकेकानं वाढवतात. मी पडद्याचा दिवा एकदा मिचकावतो. आमचं दोघांचं आता बरोबर जुळतं.